सेवेला गेलेल्या लेकीचा विमा कोण उतरवणार?

मैत्रिणींनो, आमच्या महिला मंडळाची सहल वर्षातून एकदा तरी सेवाग्राम-पवनारला जातेच. वर्धा जिल्ह्यात राहून बापूकुटी पाहिली नाही अशी बाई विरळाच. तिथे कधी अंगण झाडणारी, कधी सूत काततानाचा धागा तुटला म्हणून हसणारी गोरी मुलगी दिसते. मग आमच्यातली कुणीतरी हळूच विचारतेच, "इले पगार कोण देते वं बाई?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण तो फार नेमका आहे. आपण बायका घर चालवतो, त्यामुळे कुणी काही 'फुकट' करतं म्हटलं की त्यामागचा खर्च कोण उचलतं हे आपल्याला आधी सुचतं. ती मुलगी जेवते, तिला ताप येतो, घरी आई-वडील असतात, परत गेल्यावर तिला नोकरी शोधायची असते. सेवा बिनपगारी असू शकते, पण बिनखर्चाची नसते. तो खर्च कोण करतं? आणि आपली एखादी लेक अशीच दुसऱ्या देशात सेवेला गेली तर तिचा खर्च कोण करेल? हल्ली नर्सिंग, समाजकार्य शिकलेल्या आपल्या भागातल्या मुली परदेशात स्वयंसेवक म्हणून जाण्याचं बोलू लागल्या आहेत. तेव्हा हा विषय आता आश्रमापुरता राहिलेला नाही.

जुन्या काळी उत्तर सोपं होतं. कुणीच नाही! मीराबेन, म्हणजे मूळच्या मॅडेलिन स्लेड, १९२५ साली भारतात आल्या. त्या ब्रिटिश नौदलातल्या मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी. १९३६ मध्ये गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला येण्याआधीच त्या तिथे राहू लागल्या होत्या. त्यांच्या मागे त्यांचं सरकार तर नव्हतंच, उलट त्या सरकारनेच त्यांना तुरुंगात टाकलं. पुढे नई तालीमच्या कामासाठी मार्जोरी साईक्स सेवाग्रामला होत्या. अशा बायकांनी आयुष्यच दिलं. मीराबेन १९५९ मध्ये भारत सोडून युरोपात गेल्या आणि ऑस्ट्रियात साधेपणाने राहिल्या. आपल्या देशाने त्यांना पद्मविभूषण दिलं ते अगदी त्यांच्या शेवटच्या काळात. १९८२ मध्ये त्या गेल्या. सन्मान झाला, पण म्हातारपणी औषधपाण्याचं काय, हा प्रश्न सन्मानपत्राने सुटत नाही.

पण ही झाली असामान्य माणसं. सामान्य माणसाला आयुष्यातली दोन वर्षंच द्यायची असतील तर? तिथे सरकारचा संबंध येतो.

अमेरिकेने १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळात 'पीस कोअर' सुरू केलं. आपल्या देशातले लोक दोन वर्षांसाठी दुसऱ्या देशात शिकवायला, शेतीत, आरोग्यात काम करायला पाठवायचे. भारतात हे स्वयंसेवक १९६१ पासून १९७६ पर्यंत येत होते, चार हजारांहून जास्त आले. त्यातल्या एक आपल्या महाराष्ट्रात होत्या आणि त्यांची गोष्ट मला फार आवडते. लिलियन कार्टर. जिमी कार्टर पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, त्यांची आई. नर्स होत्या, विधवा होत्या. १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी त्या मुंबईजवळ विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत आल्या. आधी कुटुंबनियोजनाच्या कामात, मग दवाखान्यात. ६८ वर्षं! आपल्याकडे त्या वयात बाईने तीर्थयात्रा करावी, नातवंडं सांभाळावी अशी अपेक्षा असते. त्यांनी मुलांना लिहिलेली पत्रं नंतर पुस्तकरूपाने आली.

आता मुद्दा असा की लिलियनबाई मनाने कितीही मोठ्या असल्या, तरी त्या वयात परक्या देशात येण्याचं धाडस करायला मागे काहीतरी आधार लागतो. तो सरकारने दिला होता. जायचा-यायचा खर्च, राहण्या-जेवण्यापुरता भत्ता, आजारपणाचा सगळा खर्च. शिवाय दर महिन्याला थोडी रक्कम स्वयंसेवकाच्या नावावर जमा होत राहते आणि सेवा संपल्यावर एकदम हातात मिळते. आज दोन वर्षं पूर्ण केली तर ही रक्कम दहा हजार डॉलरहून जास्त होते. उद्देश असा की परत आल्यावर नोकरी लागेपर्यंत घरभाडं भरता यावं. सरकारी नोकरीत शिरण्यासाठी वर्षभर खास सवलत मिळते. काही विद्यापीठं पुढच्या शिक्षणाला शिष्यवृत्ती देतात.

यात मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटली ती एक कायदेशीर युक्ती. पीस कोअरचा स्वयंसेवक हा सरकारी नोकर नाही, असं त्यांचा कायदा साफ म्हणतो. पगार नाही, म्हणून पगारदाराचे हक्क नाहीत. पण सेवेत असताना तो जखमी झाला, आजारी पडला किंवा मेला, तर तेवढ्या कामापुरतं त्याला सरकारी नोकर समजायचं आणि ठरावीक श्रेणीच्या पगाराइतका त्याचा पगार होता असं मानून नुकसानभरपाई द्यायची. म्हणजे काम करताना स्वयंसेवक, संकटात मात्र कर्मचारी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे आपल्या आशाताईंच्या संदर्भात ते मला पुन्हा लागणार आहे.

अर्थात तिथेही सगळं आलबेल नाही. परत आलेल्या किती तरी स्वयंसेवकांच्या तक्रारी होत्या की आजार तिकडून घेऊन आलो, आणि इकडे भरपाईसाठी कागदपत्रांच्या मागे फिरतो आहोत. त्याहून गंभीर गोष्ट २००९ ची. आफ्रिकेतल्या बेनिन देशात केट पझी नावाची चोवीस वर्षांची शिक्षिका-स्वयंसेविका होती. शाळेतल्या मुलींचं लैंगिक शोषण एक सहकारी करतो आहे, असं तिने वरिष्ठांना गुपचूप कळवलं. त्यानंतर तिचा खून झाला. तिच्या कुटुंबाने आणि अत्याचार झालेल्या इतर स्वयंसेविकांनी आवाज उठवला, तेव्हा २०११ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. तक्रार करणारीचं नाव गुप्त ठेवायचं, अत्याचार झालेल्या मुलीला मदत करणारा स्वतंत्र अधिकारी नेमायचा, जाण्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं, अशा गोष्टी त्यात आल्या. एवढ्या श्रीमंत, जुन्या व्यवस्थेला हे सुचायला एका मुलीचा जीव जावा लागला. म्हणून म्हणते, 'सेवेला चालली आहे, देव पाठीशी आहे' एवढ्यावर आपण लेकींना पाठवू नये.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे पीस कोअरने जगभरातले आपले सगळे स्वयंसेवक एकदम परत बोलावले. सुमारे सात हजार माणसं काही दिवसांत घरी. ते नोकर नसल्यामुळे नेहमीच्या नियमाने बेकारभत्ता मिळत नव्हता. तेव्हा त्या वर्षीच्या मदत कायद्यात त्यांची सोय करावी लागली. पगार नसलेल्या माणसाचं काम गेलं, तर ते 'काम गेलं' असं धरायचं की नाही? बघा, प्रश्न फिरून फिरून तिथेच येतो.

जपानची पद्धत वेगळी. त्यांची परदेशी सहकार्य स्वयंसेवकांची योजना १९६५ ची, म्हणजे आता साठी पार केली. त्या वर्षी डिसेंबरमध्ये पहिली तुकडी लाओसला गेली. २०१६ मध्ये या स्वयंसेवकांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोन वर्षांची सेवा, जाण्याआधी दोन महिन्यांहून अधिक निवासी प्रशिक्षण, त्यात त्या देशाची भाषा. खर्च सरकारी संस्थेचा. पण मला भावली ती शिक्षकांसाठीची सोय. २००१ पासून तिथे नोकरीतल्या शाळाशिक्षकांना नोकरी न सोडता या सेवेत जाता येतं. परत येऊन पुन्हा आपल्या वर्गात उभं राहायचं, अनुभव घेऊन. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली एखादी हुशार बाई दोन वर्षं नेपाळमध्ये किंवा केनियात शिकवून आली तर आपल्याच पोरांचा फायदा नाही का? पण आज तिने तसं मनात आणलं तर तिला बिनपगारी रजेचा अर्ज करावा लागेल. मग वेतनवाढीचं काय, निवृत्तिवेतनाचं काय, हे कार्यालयातल्या बाबूंना विचारत बसायचं. आणि रजा मंजूर होईलच असंही नाही.

जर्मनीचं तर एक कलम वाचून मला हसूच आलं. २००८ पासून त्यांची एक योजना आहे, अठरा ते अठ्ठावीस वयाची मुलं विकसनशील देशांत सेवेला पाठवायची. भारतातही येतात. प्रवास, विमा, राहणं, जेवण, हातखर्च हे सगळं त्या योजनेतून. त्या देशात मुलांच्या आई-वडिलांना सरकारकडून दरमहा बालभत्ता मिळतो. तर मुलगी सेवेला परदेशी गेली तरी तिच्या आईचा तो भत्ता, मुलगी पंचवीस वर्षांची होईपर्यंत, चालू राहतो! म्हणजे तिथल्या कायद्याला आठवलं की सेवेला जाणाऱ्या पोरीमागे एक घर असतं. हसू आलं ते कौतुकाचं, आणि थोडं हेव्याचंही.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे परदेशी सेवेची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. चीन-जपान युद्धाच्या वेळी चीनने मदत मागितली, तेव्हा १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सुभाषबाबू तेव्हा अध्यक्ष होते. डॉ. अटल प्रमुख, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणीसांचं नाव सगळ्यांना माहीत, शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपटच काढला. चोळकरांचं नाव मात्र आपल्या विदर्भातच किती जणींनी ऐकलं असेल? पथकातले ते वयाने मोठे होते. अशा वयात, सुखाची प्रॅक्टिस सोडून युद्धभूमीवर जाणं ही साधी गोष्ट नव्हे.

हे पथक सरकारने पाठवलेलं नव्हतं. सरकार इंग्रजांचं. खर्चासाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली होती. कोटणीस चीनमध्ये असतानाच घरून वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. १९४१ मध्ये त्यांनी तिथल्या परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस फेफऱ्याच्या आजाराने गेले. वय अवघं बत्तीस. पदरात तीन-चार महिन्यांचं बाळ घेऊन ती बाई युद्धात एकटी उरली. चीनने त्यांची आठवण ठेवली हे खरं. तिकडचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटत, २०१४ मध्ये शी जिनपिंगही त्यांच्या बहिणीला भेटले. सोलापुरात स्मारक आहे. पण मला त्या चित्रपटापेक्षा त्या बाळंतिणीचाच विचार जास्त येतो. वर्गणीतून डॉक्टर पाठवता येतो. डॉक्टर गेल्यावर त्याच्या बायको-मुलाची जबाबदारी वर्गणीच्या पावतीवर कुठे लिहिलेली असते?

आणि आता? स्वातंत्र्य मिळून पंचाहत्तरहून जास्त वर्षं झाली. आपलं सरकार १९६४ पासून इतर देशांना तंत्रज्ञान आणि प्रशिक्षणाची मदत करतं, तज्ज्ञ पाठवतं. पण सामान्य तरुणीने अर्ज करावा, प्रशिक्षण घ्यावं आणि सरकारच्या आधाराने परदेशात दोन वर्षं सेवा करावी, असं पीस कोअरसारखं खातं आपल्याकडे उभं राहिलेलं नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ ची, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातली. आपण कॉलेजात असताना तिच्याच शिबिरात घमेली उचलली ना? ती देशातल्या देशात.

परदेशी जाणाऱ्यांसाठी जे आहे ते नोकरीला जाणाऱ्यांसाठी. आपला उत्प्रवास कायदा १९८३ चा. दलालांनी गरीब मजुरांना आखातात नेऊन फसवू नये म्हणून तो केला आणि ते चांगलंच झालं. त्याच्या आधाराने 'प्रवासी भारतीय विमा योजना' २००३ पासून आली. २०१७ च्या सुधारणेनुसार दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. बायकांच्या बाळंतपणाच्या खर्चाचाही त्यात विचार आहे. एवढ्या कमी पैशात एवढं संरक्षण, मी तर म्हणेन ही सरकारच्या चांगल्या योजनांपैकी एक. पण या १९८३ च्या कायद्यात नोकरी कशाला म्हणायचं? 'मजुरी किंवा मोबदला' घेऊन केलेल्या कामाला. झालं! जिने मोबदला घेतलाच नाही ती कायद्याच्या दारातच उभी. पैसे घेऊन भांडी घासायला गेलेल्या बाईची नोंद सरकारदरबारी होते (व्हायलाच हवी), आणि फुकट रुग्णसेवा करायला गेलेली मुलगी सरकारी कागदावर नुसती प्रवासी. या कायद्याच्या जागी नवा आणण्यासाठी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने मसुदा लोकांपुढे ठेवला होता. अशा मसुद्यांवर दिल्लीतले, मुंबईतले लोक सूचना पाठवतात. आपल्या महिला मंडळांनी का पाठवू नयेत?

एक आधार मात्र स्वयंसेविकेलाही आहे आणि तो माहीत असायला हवा. २००९ पासून आपल्या दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. परदेशात अडचणीत सापडलेल्या गरजू भारतीय नागरिकाला तात्पुरता निवारा, परतीचं तिकीट, कायदेशीर मदत, तातडीचे उपचार आणि दुर्दैवाने काही झालंच तर पार्थिव मायदेशी आणणं, यासाठी तो वापरता येतो. तिथे पगार घेता का, असं विचारत नाहीत. पण तो हक्क नाही, गरज बघून दिलेली मदत आहे. २०१५ पासून 'मदद' नावाची ऑनलाइन तक्रार व्यवस्थाही आहे. मुलगी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिने आपल्या दूतावासात नाव-पत्ता नोंदवावा, हे घरच्यांनी तिच्याकडून करूनच घ्यावं.

हे सगळं मी शोधायला लागले त्याला कारण आमच्या बचत गटातली एक बाई. तिची मुलगी नर्सिंग शिकलेली. एका एजंटाने सांगितलं की जर्मनीत वर्षभर 'व्हॉलंटिअर' म्हणून जा, पुढे नर्सची नोकरी पक्की, फक्त आधी अमुक लाख भरा. आई मला म्हणाली, "सेवा करासाठी पैसे काऊन भरा लागते ताई? अन् लेकराच्या जीवाले काही झालं तं कोण पायते?" मी तिला म्हटलं, वहिनी, हे दोन प्रश्न त्या एजंटालाच विचारा. त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर असं आहे. जर्मनीत वर्षभराच्या स्वयंसेवेचे खरेच कायदेशीर प्रकार आहेत आणि भारतीय मुलीही त्यात जातात. सहसा सहा ते अठरा महिने. त्यात हातखर्च मिळतो, आणि आजारपण, अपघात, अगदी निवृत्तिवेतनाच्या विम्याचेही हप्ते तिथली संस्था भरते, कारण त्यांच्या कायद्यानेच ते बंधनकारक आहे. म्हणजे आपल्या सरकारच्या कागदावर जी कुणी नाही, तिचा विमा परक्या देशाचा कायदा उतरवतो! पण ती सेवा म्हणजे नर्सची नोकरी नव्हे, आणि सेवेनंतर नोकरी आपोआप मिळते असंही नाही. म्हणून करार हातात घेतल्याशिवाय, तो समजणाऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय पैसा द्यायचा नाही. विमा कुणाचा, राहण्याची खोली कुणाची, हातखर्च किती, आजारी पडून मध्येच परतावं लागलं तर तिकीट कोण काढणार, त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, हे लिहिलेलं पाहिजे. तोंडी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतही भारतीय जातात, तिथे निर्वाहभत्ता, आरोग्यविमा आणि जीवनविमा असतो आणि अर्जाला पैसे लागत नाहीत. त्या मुलीचे पैसे वाचले. ती आता जर्मन भाषा शिकते आहे, आणि जायचं की नाही हे तिचं ती ठरवेल.

काही जण म्हणतील, आणि आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ काकू म्हणाल्याच, की सेवेत विमा-भत्ते आले की ती सेवा कसली? विनोबांच्या जिल्ह्यात राहून हिशेब काय मागता? काकूंचा मला आदर आहे, पण पटत नाही. आधार नसेल तर सेवा कोण करू शकेल? ज्याच्या घरी शेती आहे, भाडं येतं, बाप पैसे पाठवू शकतो तोच. कापसाच्या दोन एकरावर घर चालणाऱ्याची मुलगी दोन वर्षं बिनपैशाने बाहेर राहूच शकत नाही. म्हणजे सेवा हा श्रीमंतांचा छंद होऊन बसेल. आपल्याच सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजकडे बघा. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी ते सुरू केलं, आणि तिथल्या डॉक्टरांना पुढे शिकायचं असेल तर खेड्यात सेवा करावी लागते. ती सेवा पुढच्या प्रवेशासाठी मोजली जाते. मोजली जाते म्हणून तिची किंमत कमी झाली असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आणि आशाताई? २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासून सरकारी भाषेत त्या 'स्वयंसेविका'च. पगार नाही, मोबदला आणि मानधन. रात्री दोनला बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी, पावसाळ्यात पाण्याचे नमुने घेणारी बाई स्वयंसेविका! परदेशात जाणाऱ्या मुलीचा प्रश्न आणि आपल्या गल्लीतल्या आशाताईचा प्रश्न एकाच शब्दात अडकलेला आहे. मार्च २०२० मध्ये कोरोना आल्यावर केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचा विमा जाहीर केला, त्यात आशांना घेतलं. म्हणजे आपल्यालाही ते जमतं की! काम करताना स्वयंसेवक, संकटात कर्मचारी. पण साथीपुरतंच. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना तेव्हाच्या कायद्याखाली ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. मानधन म्हणा नाहीतर काही म्हणा, त्या कायद्यापुरतं ते वेतनच, असं न्यायालयाने मानलं. गुजरातमधल्या अंगणवाडीच्या बायकांनी लढून मिळवलेला हा निकाल आहे. शब्द बदलता येतो, हे त्यातून दिसलं.

दुसऱ्या बाजूने, आपल्याकडे येणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांसाठी आपल्या सरकारचे नियम आहेत. ई-व्हिसावर आलेल्या पाहुण्याला मोबदला न घेता जास्तीत जास्त एक महिना स्वयंसेवा करता येते. त्याहून जास्त काळ नोंदणीकृत संस्थेत मानद काम करायचं तर रोजगार व्हिसाच घ्यावा लागतो. गंमत बघा. परदेशी मुलगी इथे फुकट काम करायला आली तर ते सरकारच्या लेखी काम, म्हणून रोजगाराचा व्हिसा. आपली मुलगी तिकडे फुकट काम करायला गेली तर ते काम नाही, कारण मोबदला नाही!

मला सरकारकडे फार मोठं काही मागायचं नाही. पीस कोअर उभं करायला पैसा लागतो आणि अमेरिकेतही गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, परदेशी मदतीवर केवढी कुऱ्हाड चालली ते आपण वाचलं. पण नव्या कायद्यात नोंदणीकृत संस्थेमार्फत सेवेला जाणाऱ्यांचाही एक रकाना असावा. त्यांना त्या २७५ रुपयांच्या विम्यासारखा विमा मिळावा, हप्ता त्यांनी स्वतः भरला तरी चालेल. शिक्षिका आणि परिचारिका यांना नोकरी टिकवून दोन वर्षांची सेवा-रजा मिळावी आणि त्या काळाने त्यांच्या निवृत्तिवेतनात खंड पडू नये. आमच्या मंडळातर्फे या तीन मागण्यांचं निवेदन आम्ही खासदारांना आणि परराष्ट्र मंत्रालयाला पाठवत आहोत. मराठीतच लिहिलं आहे, सोबत हिंदी प्रत जोडली आहे. तुमच्या गावच्या मंडळाला सही करून पाठवायचं असेल तर तुमच्या भागात कुणाची मुलगी, सून अशी बाहेर जाऊन आली आहे का ते आधी विचारून घ्या, आणि तिला काय मिळालं, काय मिळालं नाही हे तिच्याच शब्दांत एका कागदावर लिहून सोबत जोडा.